कोऱ्या चहासारखी लघवी

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, की घरात निदान ठरलेले असते: कावीळ! मग कुणी गळ्यात माळ घालते, कुणी कावीळ ‘उतरवणाऱ्या’कडे नेते. पण यकृत ठणठणीत असतानाही डोळे पिवळे होऊ शकतात. रक्तातल्या लाल पेशी वेळेआधी फुटू लागल्या की हेच होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता ही त्याची आपल्याकडची परिचित कारणे.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हाताऱ्या पेशींची विल्हेवाट प्लीहा आणि यकृतात गुपचूप लागते. पेशी रक्तवाहिनीतच फुटली, तर मात्र हिमोग्लोबिन मोकळे सुटते आणि ते मूत्रपिंडाला घातक ठरते. त्याला पकडायला यकृत हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन बनवते. हे प्रथिन हिमोग्लोबिनला घट्ट चिकटते, दोघांनाही भक्षक पेशी गिळतात. हॅप्टोग्लोबिन परत येत नाही. त्यामुळे पेशी भराभर फुटत असतील, तर रक्तातला त्याचा साठा संपत जातो. बहुतेक तपासण्यांत वाढलेला आकडा घाबरवतो, इथे घटलेला आकडा बोलका असतो.

अर्थात एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर हॅप्टोग्लोबिन वाढते आणि घट झाकली जाते. यकृताच्या आजारात ते मुळातच कमी बनते, नवजात बाळातही कमीच असते. म्हणून डॉक्टर सोबत एलडीएच, बिलिरुबिन आणि कोवळ्या लाल पेशींचे प्रमाण पाहतात.

साठा संपला की हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकमाच्या आगळासारखी दिसते. पट्टीची तपासणी ‘रक्त आहे’ सांगते, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. हा विरोधाभासच खरी खूण. (स्नायूंना जबर इजा झाली तरी पट्टी अशीच फसवते.) यकृताच्या काविळीत लघवीत बिलिरुबिन सापडते, पेशी फुटल्याने झालेल्या काविळीत सहसा सापडत नाही. काही दिवसांनी लघवीत हिमोसिडेरिन हे लोहयुक्त प्रथिन दिसते. विशेष रंग दिल्यावर ते निळे उमटते आणि रंग निवळल्यावरही घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष देते.

गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात हे माहीत असणे फार गरजेचे आहे. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस देतात. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या रुग्णाच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवी काळपट झाली, धाप लागली, पाठ किंवा पोट दुखले, तर पुढची गोळी न घेता लगेच आरोग्य केंद्र गाठावे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावे. ‘कावीळ झाली’ म्हणून घरी पथ्य करत बसल्यास रक्त झपाट्याने उतरते.

यात आणखी एक मेख आहे. पेशी फुटत असतानाच केलेली जी-सिक्स-पीडीची तपासणी ‘नॉर्मल’ येऊ शकते, कारण विकर कमी असलेल्या जुन्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या कोवळ्या पेशींत ते भरपूर असते. रक्त चढवले असेल, तर दात्याच्या पेशींमुळेही असेच होते. त्यामुळे संशय असेल तर साधारण तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.