शिखर नसलेलं देवबलोदा

छत्तीसगडमधलं भिलाई म्हटलं की पोलाद. दुर्गकडून रायपूरला निघालेली लोकल भिलाई-३ मागे टाकते आणि 'देवबलोदा चरोदा' नावाचं एक साधं स्टेशन येतं. इथे उतरायचं कशाला, असं वाटेल. उतरा. चरोद्याच्या रेल्वे यार्डाशेजारच्या या गावात कलचुरी काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ उभं आहे. पुरातत्त्व खात्याने जपलेलं.

देऊळ दगडी, तोंड पूर्वेला. मंडपाच्या खांबांवर भैरव, महिषासुरमर्दिनी; बाहेरच्या भिंतींवर हत्तींच्या रांगा, शिकारीला निघालेली माणसं. हे सगळं पाहत नजर वर जाते आणि अडखळते, कारण वर शिखरच नाही!

गाव याचं कारण ठामपणे सांगतं. देऊळ उभं राहिलं ते सहा महिने चाललेल्या एका रात्रीत, म्हणून ते 'छमासी'. कारागीर कामात इतका बुडालेला, की अंगावर कपडा आहे की नाही याचंही भान नाही. जेवण रोज बायको आणायची. एके दिवशी बहीण आली. लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली आणि शिखर राहून गेलं ते कायमचं. कुंडाखालून भुयार आहे, ते थेट आरंग गावाला निघतं, असंही सांगतात.

आपल्याकडच्या वाचकाला इथे अंबरनाथ आठवायला हवं. तिथलं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं. त्याचं गर्भगृह पायऱ्या उतरून गाठायचं, वर उघडं आकाश. आणि पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, पहाट झाली, काम अर्धवट राहिलं, ही कथा. दोन्हीकडे माणसांना एकच प्रश्न पडला, अपुरं का? दोन्हीकडे उत्तरात एक रात्र आली. मला विचाराल तर देवबलोद्याची गोष्ट सरस. तिच्यात देव-वीर नाहीत, हातात छिन्नी धरलेला माणूस आहे.

आता पुन्हा पोलादाकडे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. म्हणजे भट्टी पेटली तेव्हा देवबलोद्याच्या देवळाचं वय साडेसहा-सातशे वर्षांचं होतं.

महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. मूर्ती निवांत पाहायच्या असतील तर तो दिवस टाळा.