पुढच्या ब्रेकची भीती

नवी मोटरसायकल दारात आली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस बजावतंच, "पुढचा ब्रेक दाबू नकोस हं, तोंडावर आपटशील." मायेपोटी दिलेला हा सल्ला चुकीचा आहे आणि नव्या पोरांना तो महागात पडतो.

ब्रेक लागला की गाडीचा नि बसणाऱ्याचा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कसली? नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर ते चाक जाम होऊन फरफटतं, गाडी मागून आडवी होते, शिवाय थांबायला जागाही जास्त लागते. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. माणूस पडतो तो हा ब्रेक दचकून एकदम आवळल्यामुळे. आधी हलका दाब द्यावा, भार पुढे आला की वाढवत न्यावा, जोडीला मागचाही लावावा. वळणावर गाडी कललेली असताना मात्र ही जबरदस्ती नको. वेग वळणाआधीच उतरवावा.

ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर कापते. आडवं आलेलं कुत्रं दिसून बोटं लिव्हरवर पोचेपर्यंत एवढं अंतर सहज संपतं. पुढचा हिशेब आणखी कडक आहे : वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ते चाक जाम होऊ देत नाही. पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. विकत घेतानाच विचारून घ्यावं. लहान गाड्यांतल्या सीबीएसने दोन्ही ब्रेक एकत्र लागतात, चाक जाम होणं त्याने टळत नाही.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो. तेव्हा ताम्हिणीसारख्या घाटात जाऊच नये, असं मी नवशिक्यांना आग्रहाने सांगेन. शहरातही रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं भिजली की घसरतात.

आरटीओच्या ट्रायलसाठी आठचा आकडा सगळे घोटतात, ब्रेकचा सराव फारसा कुणी करत नाही. हेल्मेटचा पट्टा लावून, मोकळ्या कोरड्या डांबरावर, आधी ताशी 20 आणि मग 30 च्या वेगाने गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहावी. आणि हात बसेपर्यंत डबलसीट नको. मागे माणूस बसला की भाराची वाटणी बदलते, ओळखीची झालेली तीच गाडी थांबायला वेगळाच दाब मागते.