सिस्टरांचं कौतुक: किती आणि कशाचं?

नवरात्रात 'नवदुर्गा' सत्कार करण्याची पद्धत आता गावोगाव रुळली आहे. करमाळ्यासारख्या, कमलाभवानीच्या गावी ती आणखीच शोभते. सत्काराच्या यादीत दवाखान्यातल्या सिस्टर हटकून असतात. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, आणि भाषणात सेवा, त्याग, माया हे तीन शब्द. 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, हेच शब्द पुन्हा ऐकू येतात. एसटीचा वाहक रात्रपाळी करतो, सफाई कामगार गटारात उतरतो, आशाताई उन्हातान्हात वाड्या-वस्त्या पालथ्या घालतात. त्यांच्या वाट्याला एवढी भाषणं येत नाहीत. मग नर्सचं कौतुक जरा जास्तच होतं का, असं कुणी विचारलं तर त्याला कृतघ्न ठरवण्याची घाई करू नये. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की एका तऱ्हेचं कौतुक खरोखरच जास्त होतं, आणि त्याचा भार नर्सनाच वाहावा लागतो.

त्या भाषणांत काय नसतं ते आधी पाहू. उजनी धरणाच्या पट्ट्यात ऊस आहे, केळी आहे आणि शेतीची वीज कितीदा रात्रीची असते. पाणी द्यायला फडात गेलेल्या माणसाला पायाला काहीतरी चावतं. साप दिसलेला नसतो. दवाखान्यात आणल्यावर सिस्टर त्याचं दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेते आणि नळी न हलवता वीस मिनिटं ठेवते. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली नळीही दगा देते, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनल्याचा संशय पक्का होतो. तेवढ्या वेळात ती पेशंटच्या पापण्याही बघत असते. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं बोबडं झालं, तर मण्यार किंवा नाग असू शकतो आणि पुढची भीती श्वासाची असते. डॉक्टर प्रतिविषाची ऑर्डर देतात, दहा कुप्या सलाईनमधून सुरू होतात. त्या औषधाचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रेनलिन आधीच भरून ठेवावं लागतं. अंगावर पित्त उठलं का, थंडी वाजते का, बीपी उतरतंय का, हे पहिल्या काही मिनिटांत ओळखायचं असतं. डॉक्टरांना तोवर दुसऱ्या पेशंटकडून बोलावणं आलेलं असतं. खाटेशी ती असते.

यात माया नाही असं मी म्हणत नाही. पण तो माणूस वाचतो तो तिला काय बघायचं ते कळतं म्हणून. हे कळणं शिकून आणि अनुभवाने येतं, आणि सत्काराच्या भाषणात नेमकं तेच गाळलेलं असतं. खुद्द नाइटिंगेलबाईंचंही असंच झालं. दिवा घेऊन फिरणारी करुणामूर्ती सगळ्यांना माहीत. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे आकड्यांनी आणि आकृत्यांनी सरकारच्या गळी उतरवणारी, 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची पहिली स्त्री-सभासद झालेली बाई कितीजणांना माहीत असते? त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या गावांच्या पाण्याबद्दल आणि स्वच्छतेबद्दल अनेक वर्षं लिहीत राहिल्या.

आपल्या जिल्ह्यातलं एक नाव घेतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना 1942 मध्ये ते गेले. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे, त्यांच्यावर सिनेमा झाला. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या, परिचर्या शिकवत होत्या. हे सांगितलं की सोलापूरकरही थबकतात. डॉक्टर नावाने लक्षात राहतात. नर्सचं कौतुक होतं ते घाऊक, बिननावाचं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर वॉर्डबॉयने हल्ला केला. कपडे बदलायला नीट खोली नव्हती म्हणून त्या तळघरात जात. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं, 18 मे 2015 पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात जाणिवेपलीकडे पडून होत्या आणि नर्सच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या नर्सना मनापासून वाखाणलं. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण होऊ न देणं काय असतं, हे ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस पाहिलंय त्यांना सांगायला नको: दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, दिवसरात्र. ही स्तुती शंभर टक्के खरी आहे. पण हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सनी सुरक्षिततेसाठी काम बंद केलं होतं, ते आता कुणाला आठवत नाही. शुश्रूषेची आठवण राहिली, मागणीची पुसली गेली.

2020 मध्ये, कोविडच्या साथीतही हेच घडलं. ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचं म्हणून आधीच जाहीर केलं होतं. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. लोकांचा भाव खोटा नव्हता. भीतीच्या दिवसांत तेवढंच हाती होतं. पण पुढचं वर्ष बघा. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. आमच्या शेजारच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. काही दिवसांत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं होरपळून-गुदमरून गेली. तिथेही कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. ज्यांची लेकरं गेली, ज्यांचे आईबाप गेले, त्यांचा संताप मला पूर्ण मान्य आहे आणि चौकशी कुणाचीही व्हावी. पण वायरिंग आणि अग्निसुरक्षा हे काही वॉर्डातल्या नर्सचं काम नव्हे. देवी म्हणून ज्यांना उंच बसवलं, त्यांना माणसाएवढीही सवलत मिळाली नाही.

पगाराचंही तसंच. त्याग म्हटला की पैशाची गोष्ट काढणं अशोभनीय ठरतं. मे 2022 मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका बाहेरच्या संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, जुलै 2025 मध्ये त्याच प्रश्नावर पुन्हा. दोन्ही वेळी 'रुग्णांना वेठीस धरलं' हे वाक्य ऐकू आलं. खासगी रुग्णालयांत तर बोलायचीही सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तिथल्या पगाराबाबत केंद्राला समिती नेमायला लावली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान 20,000 रुपये आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, असं त्या समितीने सांगितलं. केरळात नर्स रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्या तालुक्यांच्या गावी जीएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलीला खासगी दवाखान्यात हातात किती पडतात, हे वाचकांनी आपल्या ओळखीच्या एखाद्या मुलीलाच विचारावं. परदेशातही वेगळं नाही: ब्रिटनमध्ये 2020 ला दर गुरुवारी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या गेल्या, आणि डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या नर्सच्या शंभरी ओलांडलेल्या संघटनेला पहिला देशव्यापी संप करावा लागला.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. बाळंतपणाच्या खोलीत कळा देणाऱ्या बाईवर खेकसणं, 'तेव्हा नाही का कळलं' असलं बोलणं, कधी हात उगारणं, हे आपल्या बायकांनी सोसलेलं आहे. ऊसतोड कामगाराची बायको असेल तर अधिकच. सगळ्याच सिस्टर माउली आहेत असं एकदा ठरलं की या बाईची तक्रार ऐकायला कुणी उरत नाही. दोन खोल्यांत एकट्या नर्सने रात्र काढायची असली की तोंड सुटतं, हे खरं. तरी ते क्षम्य नाही. नर्सना व्यावसायिक मानायचं तर तिथे जाबही विचारता आला पाहिजे, जसा तो डॉक्टरला, इंजिनिअरला विचारतो.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक असं आहे. करमाळ्याहून सोलापूरचं सिव्हिल हॉस्पिटल शंभराहून जास्त किलोमीटरवर. त्यामुळे गावातल्या सरकारी दवाखान्यात रात्री ड्यूटीवर किती हात आहेत, यावर इथल्या माणसाचं जगणं-मरणं अवलंबून असतं. आणि त्या हातांना बाहेरून मागणी आहे: महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुली जातील, जावंही त्यांनी.

सत्कार बंद करा असं मी म्हणणार नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल एखादी सिस्टर म्हातारपणीही जपून ठेवते, तिचा तो आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. पण सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, आणि सत्काराच्या व्यासपीठावर पुष्कळदा तेच बसलेले असतात. त्यांना तिथल्या तिथे विचारता येतं: मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली कंत्राटी किती, काल रात्री वॉर्डात रुग्ण किती होते आणि नर्स किती होत्या, त्यांना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, विजेची तपासणी शेवटची कधी झाली आणि कागदावर सही कुणाची आहे. ही माहिती दर महिन्याला दवाखान्याच्या दर्शनी भागात फळ्यावर लावावी, असा ठराव समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो. त्याला निधी लागत नाही.