परिचारिकांचें गाऱ्हाणें

अमेरिकेंत परवान्यावांचून राहणाऱ्या परदेशीयांवर सरकारी खर्चानें उपचार होतात, आणि विमा नसलेल्या नागरिकाच्या हातीं मात्र बिल पडतें, हें तेथील कांहीं परिचारिकांचें गाऱ्हाणें. तें अगदींच निराधार नाहीं. पण ही मदत सढळ म्हणावी, तर तसेंही नव्हे! १९८६ च्या कायद्यानें तातडीच्या विभागांत आलेल्या कोणासही तपासून सांवरणें रुग्णालयांस भाग पडलें. १९९६ च्या कायद्यानें अशा परदेशीयांची त्यापलीकडील बहुतेक मध्यवर्ती मदत तोडली. मूत्रपिंडें निकामी झालेल्याचें रक्त यंत्रानें सामान्यतः आठवड्यांतून तीनदां शुद्ध करावें लागतें. अनेक राज्यांत त्यास जीव घाबरा होईपर्यंत परत धाडीत. परिचारिका खऱ्या वैतागत त्या येथें. तोच रोगी, तीच धांवपळ, आणि खर्चही अधिक! कोलोरॅडोनें २०१९ सालीं नियम बदलला. तेव्हांपासून तेथें असा रोगी ठरल्या दिवशीं आपल्या पायांनीं येऊं लागला.