मैल भत्ता

मैल भत्ता : कर्मचाऱ्याने कार्यालयीन कामासाठी स्वतःचे वाहन वापरल्यास कापलेल्या अंतराच्या प्रमाणात त्यास मिळणारी खर्चाची भरपाई. 1956 च्या अधिनियमानंतर भारतात दशमान मापे रूढ होऊन अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाऊ लागले, तरी जुने नाव टिकून राहिले. निवासस्थान ते कार्यालय हा नित्याचा प्रवास यात सामान्यतः मोडत नाही.

हा भत्ता वेतन नसून भरपाई असल्याने तो लाभाचे साधन होऊ नये, असे तत्त्व आहे. तसाच तो तोट्याचेही कारण होऊ नये. उदा., सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन परत येण्यास सुमारे 80 किमी. अंतर पडते. लिटरला 40 किमी. चालणाऱ्या दुचाकीस त्यासाठी 2 लिटर पेट्रोल लागते. परंतु टायरची झीज, वंगण, दुरुस्ती, विमा व घसारा हे खर्च पेट्रोलच्या पावतीत दिसत नाहीत. म्हणून दर ठरविताना चल व स्थिर असे दोन्ही खर्च विचारात घ्यावे लागतात. इंधन महागूनही दर दीर्घकाळ न बदलल्यास फरकाचा भार कर्मचाऱ्यावर पडतो. अल्पवेतनी क्षेत्रीय कर्मचाऱ्यास तो विशेष जाणवतो व फिरती टाळण्याकडे कल होतो. उलटपक्षी, दर अवाजवी असल्यास अनावश्यक फिरती वाढते. अंतराची नोंद, फिरतीची पूर्वमंजुरी व दरांचे नियतकालिक पुनर्विलोकन हे त्यावरील उपाय होत.