गिरणी बंद झाली. कामगाराच्या हाती काय आले?

परदेशातून स्वस्त कापड आले, इथला माल पडून राहिला आणि कारखान्याला कुलूप लागले, तर कामगाराला सरकारकडून काही मिळते का? मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या घरांना हा प्रश्न परका नाही. इथला माणूस जहाजावर गेला, आखातात गेला, तसा मुंबईच्या गिरणीतही गेला आहे.

काम परदेशी मालामुळे गेले की मालकाच्या कर्जामुळे, हे आपल्याकडची योजना विचारत नाही. अमेरिकेत ते विचारले जाई. तिथे 1962 च्या कायद्याने खास मदत सुरू झाली. पुढे तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा आणि आयातीचा फटका सिद्ध झाला की भत्ता व प्रशिक्षण मिळायचे, अशी सोय होती. जुलै 2022 पासून तिथे नवे अर्ज मंजूर होणे थांबले. आपले सरकार आयातीला अडवते ते बंदरावर. मार्च 2024 मध्ये कृत्रिम धाग्याच्या काही निटेड कापडांवर किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली गेली, ती याच हेतूने. त्याचा पहिला लाभ कारखानदाराला होतो. कामगारापर्यंत तो पोहोचेलच असे नाही.

कामगारासाठी आपल्याकडे जी खरी योजना झाली तिचे नाव वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना. जून 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणातून ती निघाली आणि 15 सप्टेंबर 1986 पासून अमलात आली. खाजगी गिरणी कायमची बंद झाली तर पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के रक्कम मिळे. समजा वेतन दरमहा 2,000 रुपये धरले, तर दरमहा 1,500, मग 1,000, मग 500. तीन वर्षांत एकूण 36,000 रुपये. दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात नोकरी धरली की मदत बंद होई, पण स्वतःचा धंदा सुरू केला तर ती तोडली जात नसे. ही अट शहाणपणाची होती असे आम्हाला वाटते. गावी परतून शिलाई मशीन टाकणाऱ्याला किंवा किराणा दुकान काढणाऱ्याला शिक्षा नव्हती.

अडचण होती ती आत शिरण्याची. गिरणीत सलग पाच वर्षे नोकरी हवी. एप्रिल 1993 पूर्वी बंद झालेल्या गिरणीसाठी वेतनाची मर्यादा 2,500 रुपये होती, नंतरच्या गिरण्यांसाठी 3,500. शिवाय गिरणी 6 जून 1985 नंतर आणि कायद्याने रीतसर बंद झालेली हवी. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या संपानंतर ज्याला कामावर परत घेतलेच नाही, त्याची गिरणी कागदोपत्री चालूच होती. तो बेकार होता, पण योजनेच्या भाषेत बेकार नव्हता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या सरकारी, म्हणून त्यांना ही योजना लागू नव्हती. तिथे स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग होता. आणि भिवंडी, मालेगावच्या छोट्या यंत्रमागांवर काम करणारे आपले हजारो मोमीन, अन्सारी बांधव तर या हिशेबात कधी आलेच नाहीत.

1 एप्रिल 2017 पासून ही योजना राज्य विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. तेव्हापासून पाहिले जाते ते कामगाराचे विमा खाते. त्या योजनेत कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली आणि किमान दोन वर्षे विमा झालेला असेल, तर बेकारी भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी ठेवलेला आहे; पहिल्या वर्षी तो वेतनाच्या निम्मा. म्हणजे दहा किंवा अधिक माणसे राबणाऱ्या मालकाने नावे नोंदवली नाहीत, किंवा एकाच शेडचे दोन कारखाने दाखवून हजेरीपट वाटून घेतला, तर वर्गणी वाचते मालकाची आणि भत्ता बुडतो कामगाराचा. आमच्या वाचकांत मालक आहेत तसे कामगारही आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

मुंबईच्या 58 बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याच्या कामातही कागदच बोलतो. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरी असल्याचा पुरावा लागतो. कामगार हयात नसेल तर वारस हक्कदार. म्हाडाने जून 2012 मध्ये 6,925 घरांची सोडत काढली. डिसेंबर 2016 च्या सोडतीतील 2,417 घरे तर आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळच्या कोन गावी, सहा लाख रुपये किमतीची. अर्ज मात्र सुमारे पावणेदोन लाख आले होते. तेव्हा वडिलांच्या पेटीतले तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विमा कार्ड, काहीही सापडले तर रद्दीत टाकू नये. कागदावर नाव एका तऱ्हेने आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने असेल, जे आपल्याकडे फार होते, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्या कारागिरांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे आणि होडी बांधणारे आहेत. ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या दिवसांचा 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची मांडणी. ज्याला व्याजाचे कर्ज नको असेल तो प्रशिक्षण व हत्यारांपुरताही अर्ज करू शकतो. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कापड विणणारा मात्र त्या अठरांत नाही.