पोरगी पदवीधर होणार, पुढं काय?



मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. कर्जाचा हिशेब झाल्यावर एक ताई मला म्हणाल्या, "पोरीचं बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. आता लग्नच बघायचं, का अजून काही शिक्षण असतं?" असतं ना! म्हणून हा लेख.

'सार्वजनिक धोरण' हा शब्द अवघड वाटतो, पण गोष्ट ओळखीचीच आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासूबाई खडी फोडायला गेल्या, ती रोजगार हमी. महाराष्ट्राने १९७७ मध्ये तिचा कायदा केला. २००५ मध्ये सगळ्या देशासाठी रोजगाराचा कायदा आला. काम कोणाला द्यायचं, मजुरी किती, पैसा कुठून आणायचा, हे ठरवणं म्हणजे धोरण. ते गावात नीट उतरतं का, हे तपासायलाही या अभ्यासात शिकवतात.

कुठं शिकता येतं?

• घरी राहून: इग्नूचं एम.ए. लोकप्रशासन किंवा ग्रामीण विकास. कोणतीही पदवी चालते. हिंदीतूनही करता येतं.

• पुणे: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे.

• तुळजापूर: आई भवानीच्या गावातच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथं ग्रामीण विकासाशी जोडलेलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते.

• मुंबई: आयआयटीत फक्त इंजिनिअर होत नाहीत. तिथं सार्वजनिक धोरणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही आहे.

आता तीन गोष्टी गाठीला बांधा.

पहिली, तारीख. सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात. शेवटच्या वर्षाच्या मुलीलाही भरता येतो. निकालाची वाट बघत बसलात, तर तारीख निघून जाते. माझं असंच एक वर्ष वाया गेलं.

दुसरी, पैसा. फी आणि वसतिगृहाचा खर्च आधी लेखी विचारा. खाजगी संस्थांची फी फार असते. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती बसते का ते बघा. जात आणि उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा. हे सगळं झाल्यावरच गटाच्या कर्जाचा विचार करा.

तिसरी, इंग्रजी. मोठ्या संस्थांत शिकवणं इंग्रजीत असतं. पोरीला रोज थोडं वाचायची सवय लावा.

नोकरीची हमी मी देणार नाही. पण सामाजिक संस्था, 'उमेद'सारखी अभियानं आणि सरकारी प्रकल्पांत अशा मुलींना काम मिळू शकतं. स्पर्धा परीक्षेलाही हा अभ्यास उपयोगी पडतो.

लग्न दोन वर्षांनीही होईल, तायांनो. पुढच्या बैठकीला पोरीलाच घेऊन या. फॉर्म आपण मिळून भरू.

– तुमची क्षेत्र समन्वयक